मेन मी पाडला होता

मी भित्री आहे. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही, कारण आमच्या गावात ते कोणाला सांगायची गरजच उरलेली नाही. कुकरची तिसरी शिट्टी झाली की मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, हात लांबवून गॅस बंद करते. सारंगखेड्याच्या पुलावरून तापी ओलांडताना गाडीची काच वर घेते, जणू पाणी काचेवाटेच आत येणार आहे. शाळेत मधल्या सुट्टीत मुलं जिन्याच्या कठड्यावर बसली की मी वर्गातून धावत येते आणि त्यांना ओरडा बसतो. घरात माझ्या भित्रेपणावर दिवसातून एक तरी टोमणा ठरलेला. मीही हसते. हसलं नाही तर तोच विषय रात्रीच्या जेवणापर्यंत पुरतो.

लाईटवर चालणारं लाकूड कापायचं मशीन आमच्या घरी आलं, ते या भीतीपायीच. आमच्या शेतात विहिरीजवळ, बांधावर एक जुना कडुनिंब आहे. त्याची सावली गव्हाच्या आणि मिरचीच्या वाफ्यांवर पडते आणि सावलीत पीक येत नाही, म्हणून दोन-तीन वर्षांनी त्याच्या फांद्या छाटाव्या लागतात. मागच्या खेपेला नवरा कुऱ्हाड घेऊन चढला. मी डबा घेऊन खाली उभी होते. त्याचा पाय सालीवरून सटकला आणि तो दोन्ही हातांनी फांदीला लोंबकळला. कुऱ्हाड माझ्यापासून हातभर अंतरावर मातीत रुतली. तो वर हसत होता. मला हसू आलं नाही. पुढचे कित्येक दिवस फळ्यावर गणित लिहिताना मला ती कुऱ्हाड दिसायची, आणि कुऱ्हाडीच्या जागी तो दिसायचा.

म्हणून मी ते मशीन मागवलं. मला वाटलं, खाली जमिनीवर उभं राहून काम होईल, घाव घालायला नको, चढायला नको. खोकं उघडलं आणि आतली साखळी पाहिली तेव्हा मात्र माझ्या तळहाताला घाम आला. सायकलच्या साखळीसारखी साखळी, पण तिला दात. मी ते झाकण पुन्हा लावून ठेवलं आणि सोबत आलेलं पुस्तक वाचायला घेतलं.

पुस्तक इंग्रजीत आणि हिंदीत होतं. मी ते दोनदा वाचलं. भित्र्या माणसाचा हा एक फायदा असतो, तो सूचना वाचतो. मग मी शाळेतला एक कार्डशीट घेतला आणि स्केचपेनने त्या सूचना मराठीत लिहून काढल्या. मशीन दोन्ही हातांनीच धरायचं. पट्टीच्या टोकाने कापायचं नाही, टोक लाकडावर आपटलं की मशीन उसळून तोंडाकडे येतं. खांद्याच्या वर उचलून कापायचं नाही. शिडीवर किंवा झाडावर चढून वापरायचं नाही. वायर नेहमी पाठीमागे ठेवायची. मोठी फांदी आधी खालून थोडी कापायची आणि मग वरून, नाहीतर ती सालपट सोलत खाली येते. काम थांबलं की पुढचा आडवा पट्टा ढकलायचा, म्हणजे साखळी अडते. आणि लाईट गेली तर बटण सोडायचं, पिन काढायची. हे शेवटचं वाक्य मी लाल रंगाने लिहिलं होतं. तो तक्ता मी शेतातल्या मोटरखोलीच्या भिंतीवर चिकटवला.

सासऱ्यांनी तो पाहिला. त्यांना मराठी चांगलं वाचता येतं, पण त्यांनी वाचलं नाही. ते म्हणाले, "आठे काय शाळा शे का?"

नवरा हसला. मीही हसले.

आमच्याकडच्या लाईटबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. शेताची लाईट गावाच्या लाईटपेक्षा वेगळी. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि त्यातही ती मधूनच जाते. कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. म्हणून लाईट गेली की आमच्या शिवारात कोणीही कुठलंही बटण बंद करत नाही. मोटरखोलीतला दिवा तसाच चालू ठेवायचा. तो पेटला की लाईट आली असं समजायचं. पंपाला ऑटो बसवलेला असतो, म्हणजे लाईट आली की थोड्या वेळाने पंप आपला आपण सुरू होतो, त्यासाठी कोणी खोलीपर्यंत धावायला नको. लाईट गेल्यावर मेन बंद करणारा माणूस आमच्याकडे वेडा ठरतो. त्याच्या दारात लाईट येऊन उभी असते आणि त्याला पत्ता नसतो. मी नंदुरबार शहरात वाढले, तरी इथे इतकी वर्षं काढल्यावर ही सवय माझ्याही हातात उतरली होती.

तो रविवार थंडीतला होता. मला सुट्टी होती आणि त्या आठवड्यात लाईट दिवसाची होती. गव्हाला पाणी देणं आणि झाड छाटणं अशी दोन्ही कामं नवऱ्याने एकाच दिवशी काढली. सासरे फावडं घेऊन गव्हात, नवरा झाडाखाली, आणि मी मोटरखोलीच्या दारात. झाड आणि खोली यांच्यात चाळीस-एक पावलं असतील.

पहिली भांडणाची गोष्ट पिनेची होती. मशीनची पिन तिथल्या जुन्या बोर्डात बसेना. नवऱ्याने एक मिनिट प्रयत्न केला, दुसऱ्या मिनिटाला पकडीने पिन कापून टाकली आणि लांब वायरची टोकं सरळ मेनच्या खाली, ऑटोच्या आधीच, पंपाच्या वायरींना जोडून दिली. वायरही एक सलग नव्हती, तीन तुकड्यांना काळी पट्टी गुंडाळून केलेली होती.

मी म्हटलं, "पिन कापी टाकी? मंग लाईट गयी ते काढशी काय?"

"तू शे ना," तो म्हणाला. "मी हात करसू, तू मेन पाडजो. आते तूच मन्ही पिन."

हे त्याने लाडाने म्हटलं होतं. मला बरंही वाटलं. मेन म्हणजे भिंतीवरचा लोखंडी पेटीचा मोठा खटका. दांडी वर असली की चालू, खाली ओढली की सगळं बंद. दांडी घट्ट होती, ओढताना खांद्यापर्यंत जोर लागायचा. मी दोन-तीनदा वर-खाली करून पाहिली.

सकाळचं काम खरंच चांगलं झालं. नवऱ्याने बूट घातले, जाड हातमोजे घातले, माझ्या आग्रहाखातर चष्मासुद्धा लावला. जमिनीवर उभं राहून त्याने खालच्या चार फांद्या उतरवल्या, आधी खालून, मग वरून, अगदी तक्त्यात लिहिल्याप्रमाणे. मशीनचा आवाज सुरू झाला की माझे दात एकमेकांवर दाबले जायचे, आणि फांदी पडली की सुटायचे. तो हात करायचा, मी मेन पाडायची. तो परत हात करायचा, मी वर करायची. मात्र दरवेळी मेन पडला की पंपही बंद पडायचा, कारण दोन्ही एकाच मेनवर. ऑटोमुळे पंप पुन्हा सुरू व्हायला वेळ घ्यायचा, पाटातलं पाणी तुटायचं आणि सासरे गव्हातून माझ्याकडे बघायचे. एकदा ते मोठ्याने म्हणाले, "असं पानी भरतस का कोनी?" ते मला रागावत नाहीत, चेष्टा करतात. मला त्यांच्या रागापेक्षा चेष्टेची जास्त धास्ती.

जेवणानंतर माझी भीती कमी झाली होती. हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतो. दिवसभर काही झालं नाही म्हणजे काही होणार नाही, असं माझ्यासारख्या बाईलाही वाटायला लागलं.

उरली होती वरची मोठी फांदी, तीच खरी सावली टाकणारी. ती खालून हाताला येत नव्हती. नवरा म्हणाला, चढतो. मी म्हटलं, तक्त्यात काय लिहिलंय ते वाचा. तो म्हणाला, तक्ता चढणार आहे का फांदी कापायला. मग त्याने एक दोर कमरेला बांधून खोडाला अडकवला, आणि दुसऱ्या दोराने मशीन वर ओढून घेतलं. दोन फांद्यांच्या बेचक्यात तो पाय दोन्हीकडे टाकून बसला. तिथे एका हाताने वरची डहाळी धरल्याशिवाय बसता येत नव्हतं. मशीनचं बटण मात्र असं, की अंगठा आणि बोट दोन्ही दाबून धरल्याशिवाय साखळी फिरत नाही. ते मुद्दामच तसं केलेलं असतं, हात सुटला की मशीन थांबावं म्हणून.

त्याने खिशातून सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी काढली आणि ते बटण दाबलेल्या अवस्थेत आवळून बांधून टाकलं. शिवारातल्या प्रत्येकाने हेच केलं असतं. चालू करून सोडून द्यायचं, लाईट आली की चालतं, गेली की थांबतं.

मी खालून ओरडले, "ते रबर काढा पहिले."

"एक हात फांदीले लागस," तो वरून म्हणाला. "तू मेनवर ध्यान ठेव. काही व्हत नही."

मी खोलीकडे परत गेले. आता त्याच्या हातात बटण उरलेलंच नव्हतं. मशीन चालू करायचं आणि बंद करायचं एकच ठिकाण होतं, ते माझ्या हातात होतं. मी दांडीला हात लावूनच उभी राहिले आणि दारातून त्याच्याकडे बघत राहिले. त्याने हात केला, मी मेन वर केला. साखळी लाकडात शिरली, पांढरा भुसा उडून खाली यायला लागला.

फांदी अर्धी कापून झाली असेल, तेवढ्यात आवाज थांबला. खोलीतला दिवा विझला. पंपही थांबला.

"लाईट गयी," तो वरून म्हणाला.

मी लगेच मेन पाडला. विचार केला नाही, लाल रंगातली ओळ डोळ्यासमोर होती आणि हात आपोआप खाली गेला. पाडल्यावर दारात येऊन त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. त्याने हात वर केला. मीही, मेन पाडला अशा अर्थाने, केला. तो मान वळवून मशीन फांदीतून सोडवायला लागला.

मिनिटभराने सासरे फावडं घेऊन आले. त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. आत डोकावून त्यांनी दांडीकडे पाहिलं.

"मेन कोनी पाडा?"

"मी."

"कसाले?"

"लाईट गयी ना बाबा."

त्यांना खरंच कळेना. ते हसले, पण दमलेले होते, हसू पूर्ण आलं नाही. "लाईट गयी ते मेन कोन पाडस? आते लाईट उनी ते मोटर कशी चालू व्हई? दोन वाफा ऱ्हायना मन्हा."

मी म्हटलं, "मशीन वर शे."

"मंग? त्यान्हा हातमा बटन शे. तो काय धाकला पोऱ्या शे का?"

त्यांना रबराचं माहीत नव्हतं. मला माहीत होतं. एवढंच बोलायचं होतं मला, की बाबा, बटण बांधलेलं आहे. पाच शब्दही नाहीत. पण ते बोलले असते तर ते झाडाखाली गेले असते, मुलाला शिव्या घातल्या असत्या, मुलगा वरून काहीतरी बोलला असता, आणि शेवटी सगळं माझ्यावर आलं असतं, की बाईला भीती वाटते म्हणून एवढा तमाशा. मला वाटलं, बिघाड झाला असेल, तासभर काही येत नाही. मला वाटलं, त्याने रबर काढलंच असेल. मला वाटलं, मेन वर करते आणि लगेच जाऊन त्याला सांगते, म्हणजे दोघांचंही राहील.

मी दांडी वर केली. सासरे "हां" म्हणाले आणि गव्हाकडे वळले.

मी लगेच निघाले, हे मी देवाची शपथ घेऊन सांगू शकते. एक क्षणही थांबले नाही. झाडाकडे चालत निघाले, आणि चालताना बघितलं की नवरा आमच्याकडे पाठ करून बसला आहे. त्याने मशीन दोराने कमरेला टांगलं होतं. आमच्याकडे लाकूडतोड करणारी माणसं कोयता असाच कमरेला अडकवतात, हात मोकळे राहावेत म्हणून. मशीनची पट्टी त्याच्या डाव्या मांडीला लागून खाली लोंबत होती. दोन्ही हातांनी तो खोडाचा दोर सोडून पुन्हा वर बांधत होता. रबर पट्टी तशीच होती. ऊन पडलं होतं, तिचा काळा वेढा मला एवढ्या लांबून दिसला.

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि लाईट आली.

पंपाला सुरू व्हायला वेळ लागतो. मशीनला लागत नाही. तो आवाज आला आणि त्याच्यात लगेच दुसरा एक आवाज मिसळला, कापडाचा. मग तो ओरडला. मी त्याला ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. मी झाडाकडे धावले. तीन पावलं, चार पावलं. मग लक्षात आलं की झाडाशी जाऊन मी काहीही करू शकत नाही, आणि मी उलटी फिरले आणि खोलीकडे धावले. ती चार पावलं जाण्याची आणि चार परत येण्याची मी अजून मोजते. आत जाऊन दोन्ही हातांनी दांडी ओढली. आवाज थांबला.

त्यानंतरची शांतता मला सगळ्यात भयंकर वाटली. मशीन बंद, पंप बंद, आणि तोही गप्प. मी भिंतीला धरून उभी होते आणि मला बाहेर बघायचं नव्हतं. सासऱ्यांचा आवाज आला, मुलाला हाक मारणारा, आणि त्या हाकेने मी बाहेर पडले.

तो पडला नव्हता. दोर त्याने एक वेढा तरी बांधून घेतला होता, त्या वेढ्यात तो एका बाजूला कलला होता. डावी मांडी लाल झाली होती आणि खोडावरून रक्त खाली येत होतं. सासरे सत्तरीचे आहेत. ते शिडी लावून त्या झाडावर कसे चढले, मला सांगता येणार नाही. त्यांनी आधी मशीनचा दोर कापून ते खाली टाकलं आणि मग त्याला खांद्यावर घेतलं. मी खालून धरत होते. तो जमिनीवर आला तेव्हा त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा होता. त्याने मला विचारलं, "मन्हा पाय शे का?"

"शे," मी म्हटलं. "शे, शे." मी पायाकडे पाहिलं नव्हतं.

सासऱ्यांनी गळ्यातला टॉवेल काढला आणि मांडीच्या वरच्या बाजूला, जखमेच्या वर आवळून बांधला. बाजूच्या शेतातला शेजारी पिकअप घेऊन आला. मागच्या हौद्यात मिरचीची रिकामी पोती होती, त्यावर त्याला निजवलं. शहाद्याच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. पोत्यातली तिखटाची धूळ डोळ्यात जात होती आणि मी त्याच्या जखमेवर दोन्ही हात दाबून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं की आता हाताखालून काहीतरी निसटेल. मी फक्त एकच विचार करत होते, हा मेला तर मला मेन कोणी वर केला ते कोणाला तरी सांगावं लागेल. नवरा मरत असेल आणि बायको स्वतःच्या भीतीचा विचार करत असेल, हे कोणाला पटणार नाही. पण तसंच होतं.

डॉक्टर म्हणाले, मोठी रक्तवाहिनी बोटभर अंतराने वाचली, पण स्नायू तुटला आहे. दोन तास ते आत होते. मी आणि सासरे बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आम्ही एकमेकांकडे पाहत नव्हतो. सासरे समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "लाईटना काय भरोसा."

मी म्हटलं, "हो."

एवढंच बोलणं झालं. पण त्या दोन वाक्यांत आमचं ठरून गेलं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही कळलं होतं.

तो वाचला. पाय राहिला, फक्त गुडघ्यात पूर्वीसारखा वाकत नाही. लोकांना गोष्ट सांगितली गेली ती अशी, की त्याने बटण बांधलं होतं, लाईट अचानक आली, आणि बायकोने धावत जाऊन मेन पाडला म्हणून जीव वाचला. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी शाळेत परत गेले तेव्हा मुख्याध्यापकांनी परिपाठाला मुलांसमोर माझ्या प्रसंगावधानाचं कौतुक केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून उभी राहिले आणि माझ्या पाठीवरून घामाची धार खाली जात होती. भेटायला येणाऱ्या बायका माझा हात हातात घेऊन म्हणायच्या, घाबरट म्हणत होते ना हिला. मला प्रत्येकीची भीती वाटायची. वाटायचं, हिला कोणीतरी सांगेल, हिने त्या दिवशी बांधावरून पाहिलं असेल.

सासऱ्यांनी माझी चेष्टा करणं बंद केलं. चहा दिला की गुपचूप घ्यायचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्या टोमण्यांची आठवण यायला लागली.

दीड महिन्याने नवरा काठी घेऊन शेतापर्यंत आला. मोटरखोलीसमोर त्याच्यासाठी खाट टाकली होती. त्याने आल्या आल्या फोन करून वायरमनला बोलावून घेतलं होतं. वायरमनने मशीनची ती तीन तुकड्यांची वायर आधीच काढून टाकली होती. त्याने विचारलं, अजून काय करायचं आहे.

"मेन बदली टाक," नवरा म्हणाला.

वायरमन दांडी वर-खाली करून बघत होता. "याले काय झायं? चांगला शे."

"चांगला नही. खराब शे. त्या दिवशी लाईट गयी, हिनी लगेच मेन पाडा. मी वरतून देखं. हातबी दाखाडा. मंगच ते मशीन कमरले टांगं मी, नही ते टांगतू का? रबर बांधेल व्हतं, माले का समजत नव्हतं? मेन पाडेल शे म्हनीसन टांगं. तरी करंट उना." त्याने काठीने भिंतीवरच्या पेटीकडे दाखवलं. "आतून चिकटी जात असेल. बदली टाक. उद्या कोनी मरी जाई."

मी चहाचा पेला हातात घेऊन दारात उभी होते. सासरे हौदाच्या कडेला बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागले. दीड महिना तो खाटेवर पडून याच गोष्टीचा विचार करत होता तर. त्याने लाईटला दोष दिला नव्हता, रबराला दिला नव्हता. मेन मी पाडला होता याबद्दल त्याला शंकाच नव्हती, म्हणून त्याने लोखंडावर संशय घेतला.

वायरमनने पेटीचं झाकण उघडलं होतं. आतून सगळं स्वच्छ होतं. तो म्हणाला, "भाऊ, यान्हामा काहीच फॉल्ट नही."

मी चहाचा पेला खाली ठेवला. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते, झाडाखालीसुद्धा नाही. मी म्हटलं, "मी परत वर करेल व्हता."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही पाठ फिरवी, तवय. पानी ऱ्हायनं व्हतं. मी वर करा आणि तुम्हले सांगाले येत व्हतू."

सासऱ्यांनी मान वर केली. ते म्हणाले, "मी सांगं व्हतं तिले." त्यांचा आवाज इतका बारीक होता की मला वाटलं ते स्वतःशीच बोलले.

नवऱ्याने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आपल्या पायाकडे. वायरमन पेचकस हातात धरून तसाच उभा होता, जावं की थांबावं ते त्याला कळेना. शेवटी नवरा त्याला म्हणाला, "तरी बदली टाक."

मेन बदलला. नव्याची दांडी हलकी आहे, एका बोटाने पडते. झाडाची ती अर्धी कापलेली फांदी नंतर दुसऱ्यांकडून उतरवून घेतली. घरात या विषयावर पुन्हा कोणी बोललं नाही. नवरा मला टाकून बोलत नाही, जेवताना पूर्वीसारखं शाळेचं विचारतो, सासरेही हळूहळू चेष्टा करायला लागले आहेत.

पण शेतात असताना लाईट गेली की मी उठते, आणि तो मला हाताने थांबवतो. "तू बठ," म्हणतो. रागाने नाही. मग काठी घेऊन, तो पाय ओढत, स्वतः मोटरखोलीपर्यंत जातो, मेन पाडतो, दांडी पुन्हा एकदा खाली दाबून बघतो, आणि लाईट येऊन शेजारचा पंप वाजेपर्यंत तिथेच दारात उभा राहतो.